बागेतला घाट

श्रीपती तिकोणे बोलताना समोरच्याच्या तोंडाकडे बघत नाही, पायांकडे बघतो. त्याची सगळी नोकरी रेल्वेच्या शेडमध्ये, इंजिनाखालच्या खड्ड्यात गेली. खड्ड्यातून वर पाहिलं की येणाऱ्याजाणाऱ्यांचे बूट तेवढे दिसतात, आणि बुटांवरून कोणता साहेब आलाय ते ओळखायचं. ती सवय राहिली असावी. मी त्याला एकदा तसं म्हटलं, तर माझ्या चपलांकडे बघत तो म्हणाला, "असंल बाई."

मी नाटकातली. तीस-पस्तीस वर्षं गावोगाव प्रयोग केले. मुंबईचा प्रयोग आटोपून आमची बस घाट चढून यायची तेव्हा उजाडत आलेलं असायचं. निम्म्या लोकांच्या तोंडाला अजून रंग, नायिकेचं डोकं खलनायकाच्या खांद्यावर, आणि सगळे गाढ झोपलेले. लोणावळ्याला चहासाठी बस थांबली की मी एकटी उतरून स्टेशनाच्या कुंपणाशी उभी राहायची. घाटातून गाडी वर ढकलून आणलेली इंजिनं तिथं घूं घूं करत उभी असायची. मला ती प्रयोग संपलेल्या नटांसारखी वाटायची. त्यांच्याखाली तेव्हा श्रीपती पडलेला असणार, पण आमची गाठ पडायला पुढं खूप वर्षं जायची होती.

आता मी लोणावळ्यातच, तुंगार्लीत, भाचीच्या घरामागच्या दोन खोल्यांत राहते. शेजारचा बंगला आदिनाथराव उपाध्यांचा. पिंपरीच्या कारखान्यात मोठ्या हुद्द्यावर होते, निवृत्त होऊन इथं आले आणि त्यांनी बागेत रेल्वे घातली. खेळण्यातली म्हणू नका. एकेक इंजिन हातभर लांब, मांजराएवढं उंच, परदेशातून मागवलेलं. पितळेचे रूळ व्हरांड्यापासून निघून जांभळाला वळसा घालून, खालच्या ओढ्याच्या कडेनं फिरून परत वर यायचे. आदिनाथरावांना नुसती गोल फिरणारी गाडी नको होती. त्यांना घाट पाहिजे होता. बागेला उतार होताच, त्यांनी तो आणखी तीव्र करून घेतला. मग गाडी चढेना. चाकं जागच्या जागी फिरायची आणि आदिनाथराव गुडघ्यावर बसून तिला हातानं ढकलायचे.

तेव्हा कुणीतरी श्रीपतीचं नाव सांगितलं. तो नुकताच निवृत्त झाला होता. घोरावाडीहून लोकलनं आला, पायातल्या चपला काढून व्हरांड्याखाली ठेवल्या, रुळाच्या कडेनं अनवाणी एक फेरी मारली आणि म्हणाला की हिला मागून बँकर लागेल. घाट चढताना गाडीला मागून रेटा द्यायला जी जादा इंजिनं जोडतात त्यांना रेल्वेतली माणसं बँकर म्हणतात. आदिनाथराव इतके खूश झाले की त्यांनी त्याला जेवायला ठेवून घेतलं.

दोन पावसाळे दोघं गॅरेजमध्ये बसून होते. दोन मोडक्या इंजिनांचे सांगाडे जोडून, तेलाच्या डब्याचा पत्रा कापून, डाख देऊन श्रीपतीनं बँकर उभा केला. दिसायला अगदी ओबडधोबड. परदेशी इंजिनांच्या रांगेत तो गावाकडून आलेल्या पाहुण्यासारखा वाटायचा. पण रेटा असा, की गाडी विनातक्रार वर यायची, आणि उतरताना तोच मागून तिला आवरून धरायचा.

आणि मग श्रीपतीनं बागेत कॅच सायडिंग घातली. तेवढं नीट सांगायला हवं, कारण पुढचं सगळं तिच्यावरून घडलं. घाट उतरणाऱ्या गाडीसाठी वाटेत एक आंधळा फाटा असतो. ब्रेक न लागता सुटलेली गाडी त्या फाट्यावर शिरते, चढावर तिचा वेग मरतो आणि शेवटी वाळूत रुतते. रूळ एका वाटेवरून दुसरीकडे वळवायच्या जागेला सांधा म्हणतात. या फाट्याजवळचा सांधा एरवी आंधळ्या फाट्याकडंच वळवलेला ठेवायचा असा नेम. गाडीनं तिथं येऊन पूर्ण थांबायचं, मग सांधा मुख्य लायनीकडे फिरवायचा, गाडी गेली की लगेच पुन्हा फाट्याकडे. म्हणजे सांधा विश्रांतीला असला की त्याचं तोंड फाट्याकडं. श्रीपतीनं ओढ्याच्या अलीकडे मातीचा उंचवटा केला, त्यावर फाटा चढवला, टोकाला वाळू भरली, आणि सांध्याजवळ एक छोटा दांडा बसवला. गाडी उतरून तिथं थांबायची. आदिनाथराव खुर्चीतून उठून वाकायचे, दांडा ओढायचे. गाडी निघायची. पाहुणे कंटाळायचे, पण त्या दोघांना घाई नव्हती.

दोन वर्षांपूर्वी आदिनाथराव गेले.

त्यांची मुलगी ज्योत्स्ना पुण्यात राहते, बाणेरला. मुलगी चांगली आहे, वडिलांच्या शेवटच्या दुखण्यात तिनं काही कमी केलं नाही. पण रिकामा बंगला लोणावळ्याच्या दमट हवेत किती टिकणार? भिंतींना शेवाळ, कपाटांना बुरशी. तिनं तो शनिवार-रविवारी येणाऱ्या लोकांना द्यायला सुरुवात केली आणि सांभाळायला संदीपला ठेवलं. संदीप पवनानगरच्या वरच्या एका वाडीतला, तिशीचा, दोन मुलांचा बाप. मोटारसायकलवर येतो. पाहुण्यांची खोली, जेवण, शेकोटी, सगळं तोच बघतो, आणि येताना कधीमधी माझ्यासाठी धरणातले मासे घेऊन येतो.

पाहुणे येऊन पहिला प्रश्न विचारायचे की पोहायचा हौद कुठं आहे. रुळांवर तर पानं साचलेली. पावसाळ्याच्या मध्यावर ज्योत्स्ना आली, छत्री धरून बागेत उभी राहिली आणि श्रीपतीला बोलावून स्पष्ट बोलली. दसऱ्याला तिच्या ओळखीची दोन कुटुंबं राहायला येणार होती. तोवर गाडी फोनवरून, न थांबता, सरळ फेऱ्या मारत चालली तर रेल्वे राहील. नाही चालली तर दिवाळीनंतर रूळ काढून ओढ्याच्या बाजूला हौद. माणूस येऊन मापं घेऊन गेलासुद्धा होता.

श्रीपतीनं तिच्या चपलांकडं बघत मान हलवली.

त्याचं वय बहात्तर. गुडघे गेलेले, एका डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, दुसऱ्याचं व्हायचं. तरी पावसात तो घोरावाडीहून यायला लागला. दुपारच्या वेळी आमच्याकडे लोकल नसते, त्यामुळे काम झालं तरी तो अडकूनच पडायचा. मग माझ्या व्हरांड्यात भाकरी सोडायचा. बायको मुक्ताबाई एकदा सोबत आली होती, तीही काही कमी नाही. मला म्हणाली, "बाई, तुमीच सांगा. घरचा नळ गळतोय त्याला पाना लावायला हात न्हाई. ह्या गाडीचं मात्र नाक पुसून येत्यात." श्रीपती शांतपणे भाकरी मोडत राहिला.

इंजिनांचं काम मोठं होतं. पूर्वी वीज रुळांतून यायची. पण दोन वर्षं न पुसलेले रूळ काळेहिरवे पडले होते, वीज जागोजागी तुटायची. म्हणून प्रत्येक इंजिनाचं पोट उघडून त्यात बॅटरी बसवायची, फोनचा हुकूम ऐकणारी एक पट्टी बसवायची, जुन्या तारा काढून टाकायच्या. पुढच्या इंजिनात बॅटरी मावेना. त्यानं आतलं शिसं काढलं, तर इंजिन हलकं होऊन चाकं घसरायला लागली. पुन्हा शिसं घातलं, बॅटरी डब्यात ठेवली. प्लॅस्टिकची दातेरी चाकं झिजली होती. एका इंजिनाच्या मोटारीत मुंग्यांनी घर केलं होतं. हे सगळं तो नाकावर चष्मा चढवून, टेबलावर वाकून करायचा, आणि एक स्क्रू पडला की तो शोधायला जमिनीवर बसायचा तो पुन्हा उठताना टेबलाचा पाय धरायचा.

मी एकदा चहा घेऊन गेले तेव्हा तो नुसताच बसला होता. हातात बँकरचा पत्रा, डोळे मिटलेले.

"श्रीपती, पुरे करा आता," मी म्हटलं. "बांधू दे ज्योत्स्नाला हौद."

त्यानं डोळे उघडून पत्र्यावरची धूळ पुसली. मग म्हणाला, "दमलोय तर. लय दमलोय बाई. पण इतकी वर्सं दुसऱ्याचीच इंजिनं बघितली. हे एकलं मी केल्यालं. मी दमलो म्हणून ते भंगारात घालू?"

रंगभूमीवर कितीतरी माणसं अशी पाहिली होती. पाय सुजलेले, आवाज बसलेला, आणि तरी तिसरी घंटा झाली की उठून उभी. त्यांना घरी जा म्हणणारं कुणी भेटलं नाही असं नव्हतं.

खरी अडचण निघाली ती सांध्याची. ज्योत्स्नाला गाडी थांबायला नको होती. संदीपचंही तेच म्हणणं. तो श्रीपतीला आबा म्हणतो आणि छळतोही. "आबा, तुमची गाडी लग्नातल्या नवरदेवावानी थांबती. कुणी ओवाळल्याबिगर पुढं सरकत न्हाई." श्रीपतीनं सुचवलं की सायडिंग राहू द्या, फक्त सांधा मुख्य लायनीला फिरवून तारेनं घट्ट बांधून टाकतो. मग गाडी थांबायची गरज नाही. ज्योत्स्ना म्हणाली, चालेल. त्यानं तांब्याची तार घेऊन दांडा बांधला, पिळून टोकं आत वळवली, आणि आम्ही सगळ्यांनी गाडी खाली-वर जाताना पाहिली. कुठंही न थांबता ती ओढ्याजवळून वळून वर आली. संदीपनं शिट्टी वाजवली. श्रीपती मात्र गाडी सांध्याजवळून जाताना प्रत्येक वेळी एक हात वर करायचा, कुणाला तरी थांब म्हणत असल्यासारखा, आणि मग तो हात डोक्यावरून फिरवून खाली घ्यायचा.

मग खंडेनवमी आली.

शेडमध्ये खंडेनवमीला मोठी पूजा असायची असं श्रीपती सांगायचा. सगळी हत्यारं धुऊन पुसून मांडायची, इंजिनाला हार, नारळ, आणि मग दुसऱ्या दिवसापर्यंत कशालाच हात लावायचा नाही. आमच्या नाटक मंडळीतही तोच नेम होता. पेटी, तबला, रंगाचा डबा, चाळ, सगळं पूजेला. आमच्या पेटीवाल्याला त्या दिवशी नुसता सूर लावावासा वाटायचा आणि तो बोटं चोळत फिरायचा.

आम्ही तिघांनी संध्याकाळी दिवा लावायच्या आधी गॅरेजमध्ये पूजा केली. श्रीपतीनं पाने, पकडी, डाख द्यायचं हत्यार ओळीनं मांडलं. इंजिनं रॉकेलनं पुसून चकचकीत केली, कुंकू लावलं. मी झेंडूच्या माळा केल्या होत्या. बँकरला सगळ्यात मोठी. मग तो ताट घेऊन बागेत गेला. रुळाला कुंकू, जांभळाखालच्या वळणाला कुंकू, खाली सांध्याच्या दांड्याला कुंकू. दांडाही त्यानं चिंधीनं पुसून काढला, त्याला छोटी माळ घातली. मी त्याच्या मागोमाग अक्षता घेऊन होते. संदीपनं नारळ फोडला. प्रसाद खाऊन श्रीपती संध्याकाळच्या लोकलनं घरी गेला.

दसऱ्याला पाहुणे आले. व्हरांड्यात खुर्च्या मांडल्या. ज्योत्स्नानं मला आणि श्रीपतीला पुढं बसवलं, ती आमच्या मागं उभी राहिली. इंजिनांवरच्या माळा काढल्या; बाकी सगळीकडे त्या तशाच होत्या, पूजेच्या वस्तूला उगाच हात कशाला लावायचा, म्हणून संदीपनंही कुठं काही हलवलं नाही. त्यानं फोन हातात घेतला. पुढचं इंजिन, चार डबे, मागं बँकर. गाडी निघाली, व्हरांड्याला वळसा घालून उताराला लागली. पाहुण्यांतल्या बायका उठून कठड्याशी आल्या. सगळ्यांचे फोन वर.

गाडी खाली पोचली आणि आंधळ्या फाट्यावर वळली.

गाडी उंचवट्यावर चढली, पुढचं इंजिन वाळूत नाक खुपसून थांबलं. इथंवर फाट्यानं आपलं काम केलं होतं. पण मागं बँकर होता. गडबडीत संदीपनं पुढच्याच इंजिनाला थांबवलं, बँकर ढकलतच राहिला. त्याचा रेटा मी आधी सांगितलाच आहे. मधले डबे वाकले, उचलले गेले आणि उंचवट्यावरून ओढ्याच्या दगडांवर पडले. पुढच्या इंजिनातून करकर आवाज येत राहिला. संदीप धावत गेला आणि त्यानं बँकर हातानं उचलला तेव्हा त्याची चाकं हवेत फिरत होती.

पाहुणे हसले. वाईट मनानं नाही, कुणालाही हसू आलं असतं. एक जण म्हणाला की हा व्हिडिओ भारी झाला. ज्योत्स्ना हसली नाही.

संदीप खालूनच ओरडून म्हणाला, "ताई, माझ्याकडनं झालं. माझं बोट चुकलं."

श्रीपती उतारावरून हळूहळू खाली गेला. सांध्याजवळ वाकला, दांड्यावरची झेंडूची माळ बाजूला केली. तिथं तार नव्हती. मग त्यानं शर्टाच्या खिशात हात घातला. आदल्या दिवशीचाच शर्ट होता, पूजेचा म्हणून पुन्हा घातलेला. खिशातून तांब्याच्या तारेचं वेटोळं निघालं, नीट गुंडाळलेलं, जसं कारागीर माणूस कामाची तार जपून ठेवतो तसं.

तो वर आला, आणि त्या दिवशी मी त्याला पहिल्यांदा कुणाच्या तोंडाकडे बघून बोलताना पाहिलं.

"संदीपचं न्हाई ताई. पूजेला दांडा पुसताना तार मीच सोडली आसंल. आन् सांधा फाट्याकडं केला. पूजेला समदं जिथल्या तिथं ठेवायचं असतं, सांध्याची जागा तीच. पण कवा केला ते मला आठवत न्हाई."

मी तर त्याच्या शेजारी अक्षता घेऊन उभी होते. मलाही दिसलं नव्हतं. आमच्यात एक ज्येष्ठ नट होते. नव्या नाटकाच्या चौथ्या प्रयोगात ते अत्यंत डौलानं खिडकीतून निघून गेले, कारण जुन्या नाटकात त्या जागी दरवाजा होता. प्रेक्षकांनी हसून टाळ्या वाजवल्या. ते विंगेत येऊन मला विचारत होते की लोक का हसले. मी ही गोष्ट आजवर कितीदा तरी रंगवून सांगितली आहे. त्या दिवशी श्रीपतीच्या हातातली तार बघताना त्यात हसण्यासारखं काय होतं ते मला कळेना.

पाहुणे जेवायला आत गेले. ज्योत्स्ना पायरीवर बसली आणि तिनं विचारलं, "आबा, आता मी काय करू ते तुम्हीच सांगा. लोक येतात, त्यांची लहान मुलं असतात. डब्याऐवजी उद्या कुणाचा पाय असला तर?"

त्यानं दिवाळीपर्यंत मुदत मागितली. तिनं दिली, पण हौदवाल्याला नाही म्हणून कळवलं नाही, हेही तिनं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी श्रीपती आला तो कुदळ घेऊन. मी कुंपणाच्या फटीतून पाहिलं तर तो उंचवट्यावर बसून सायडिंगचे रूळ उकलत होता. मी माझी खुर्ची घेऊन तिकडे गेले. संदीप त्याच्याशी हुज्जत घालत होता. तार पुन्हा बांधू, वर कुलूप घालू, मी रोज बघत जाईन, असं काय काय. श्रीपती खिळे काढत राहिला. शेवटी संदीपनं त्याच्या हातातली पकड धरली.

"आबा, ही सायडिंग तुमी केलीय. ती का काढताय?"

"सांधा असला की माझा हात जाणार," श्रीपती म्हणाला. "हात तोडता येत न्हाई. सांधा काढता येतो."

"मग उतारावर गाडी सुटली तर?"

"उतारच ठेवायचा न्हाई."

पुढं त्यांनी जे केलं ते मला बघवत नव्हतं आणि मी रोज जाऊन बघत होते. सायडिंगच्या उंचवट्याची माती पाट्या भरभरून खालच्या वळणावर टाकली. ती पुरेना, तेव्हा संदीपनं वाडीतून दोन माणसं आणली. वरचा चढ खणला, खालचा भाग भरून घेतला, ओढ्याच्या बाजूला दगडांचा बांध घातला. रूळ पुन्हा टाकले. आदिनाथरावांनी हौसेनं करवून घेतलेला घाट हळूहळू सपाट होत गेला. श्रीपती पाणसळ लावून बघायचा, नको म्हणायचा, आणखी माती मागायचा. दुपारी माझ्या व्हरांड्यात येऊन भिंतीला पाठ टेकायचा आणि भाकरी सोडायच्या आधीच त्याची मान खाली यायची. भात कापणीला आला होता, मुक्ताबाईचे निरोपावर निरोप येत होते. तो मला म्हणाला की घरी सांगितलंय, यंदा माणसं लावा.

पुढच्या इंजिनाची दातेरी चाकं पडझडीत दात मोडून गेली होती. परदेशातून मागवायची तर दिवाळी निघून गेली असती. चढ नाही म्हणजे मागून रेटाही नको. एका दुपारी त्यानं बँकरचा पत्रा उचकटला, मोटार आणि चाकं काढली आणि पुढच्या इंजिनात बसवली. बारीक स्क्रू त्याला दिसेनात, ते संदीपनं पिळले. काम झाल्यावर बँकरचं रिकामं खोकं टेबलावर राहिलं. मी काहीतरी समजुतीचं बोलायच्या बेतात होते. श्रीपतीनं ते उलटंसुलटं करून पाहिलं आणि म्हणाला, "ह्यात बॅटरी बसंल की." डब्यात ठेवलेली बॅटरी मग त्या खोक्यात गेली, आणि बँकर पुढच्या इंजिनाला लागून दुसरा झाला. आता त्याला ना रेटायचं होतं, ना धरून ठेवायचं.

संदीपला त्यानं सगळं शिकवलं. चाकं कशी पुसायची, बॅटरी कधी काढायची, मुंग्या येऊ नयेत म्हणून काय घालायचं. शेवटी म्हणाला, "मी येईन तवा टेबलावर बसून काय मोडलं-तोडलं ते बघीन. रुळाला मात्र मी हात लावणार न्हाई. मला लावू द्यायचा न्हाई. सांगून ठेवतो."

"तुमी ऐकणार हाय का?" संदीप म्हणाला.

"न्हाई ऐकणार. म्हणून तर सांगतोय."

दिवाळीच्या सुट्टीत बंगला भरला. ज्योत्स्ना स्वतः आली होती, फराळाचे डबे घेऊन. तिनं श्रीपतीला व्हरांड्यातल्या वेताच्या खुर्चीत बसवलं. आदिनाथरावांच्या वेळी त्या खुर्चीत तो कधी बसला नव्हता. तो नेहमी रुळाशी. आता तो कडेकडेनं बसला, पंच्याहत्तरीच्या सत्कारात आमचे जुने नट बसायचे तसा.

संदीपनं गाडी सोडली. इंजिन, त्याला लागून बँकर, मागं डबे. जांभळाला वळसा, बांधाच्या कडेनं सरळ, पुन्हा व्हरांड्याशी. कुठं धाप नाही, कुठं थांबणं नाही. पाहुणे एक फेरी बघून चकल्या खायला वळले. त्यांची पोरं मात्र गाडीबरोबर धावत राहिली. मी खोटं सांगणार नाही, मला ती गाडी आधीपेक्षा फिकी वाटली. चढच नाही तर ती चढली काय आणि उतरली काय. पण ती चालत होती.

ज्योत्स्ना माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "काकू, हौदवाल्याला नको म्हणून सांगितलं."

मी म्हटलं, "मला काय सांगतेस, त्यांना सांग."

ती खुर्चीकडे गेली आणि परत आली. श्रीपतीची हनुवटी छातीवर टेकली होती. ताटलीतला लाडू तसाच मांडीवर, हात दोन्ही बाजूंना सैल सुटलेले. गाडी शिट्टी वाजवत व्हरांड्यासमोर आली तरी त्याचं बारीक घोरणं थांबलं नाही.

तिनं त्याच्या मांडीवरची ताटली उचलून घेतली. संदीपनं फोनवर शिट्टीचा आवाज बंद केला आणि पोरांना खूण करून बागेच्या त्या बाजूला नेलं. गाडी आपली गोल फिरत राहिली.